साइडमाउंटचं साहित्य घ्यायचंय? सुरुवात सिलिंडरपासून करा

साइडमाउंट ही स्कूबा डायव्हिंगची एक पद्धत. तिच्यात हवेचा सिलिंडर पाठीवर नसतो. दोन सिलिंडर दोन्ही बगलांखाली, अंगाला समांतर लावलेले असतात. पाठ मोकळी राहते, दोन्ही व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर येतात आणि हवेचे दोन संपूर्ण स्वतंत्र साठे सोबत असतात. एका बाजूचा रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र) बिघडला तर दुसऱ्या बाजूचा तोंडात घ्यायचा आणि बिघडलेल्या बाजूचा व्हॉल्व्ह बघून, स्वतःच्या हाताने बंद करायचा. पाठीवरच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह दिसतही नाही, तिथवर हात पोचवायलाच वेगळा सराव लागतो.

ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स, झालेले, थोडाफार अनुभव गाठीशी असलेले डायव्हर इथवर आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हार्नेस कुठलं घेऊ? माझ्या मते हा प्रश्न तिसरा आहे. तुम्ही कुठल्या पाण्यात आणि कुठल्या सिलिंडरवर उतरणार, हे आधी ठरवा. हार्नेस (अंगावरचे पट्टे), विंग (तरंगण्यासाठी हवा भरायची पिशवी), शिसं (बुडण्यासाठीचं वजन), होज (हवेच्या नळ्या) हे सगळं त्यावरून ओघाने ठरत जातं. उलट्या क्रमाने गेलात तर महागाची वस्तू घरात येते आणि पाण्यात सिलिंडर मात्र नको तिकडे तरंगत राहतो.

पायरी पहिली: खरेदीच्या आधी कोर्स

पाडी, एसएसआय, एसडीआय अशा डायव्हिंग शिकवणाऱ्या बहुतेक मोठ्या संस्थांचे साइडमाउंटचे अभ्यासक्रम आहेत. तो कोर्स प्रशिक्षकाच्या साहित्यावर करा, काहीही विकत न घेता. जमलं तर त्याच्याकडची दोन वेगळ्या बांधणीची हार्नेस अंगावर घालून बघा. प्रशिक्षक निवडताना एकच विचारा: तुम्ही स्वतः नेहमी साइडमाउंटवर उतरता का? जो स्वतः रोज पाठीवर सिलिंडर घेऊन उतरतो आणि साइडमाउंट फक्त शिकवण्यापुरतं अंगावर चढवतो, त्याच्याकडून फिटिंगचे बारकावे मिळत नाहीत. आणि साइडमाउंटमधले निम्मे बारकावे फिटिंगचेच असतात.

आणखी एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगतो. साइडमाउंटचा जन्म गुहांमध्ये झाला म्हणून साइडमाउंट कोर्स झाल्यावर गुहेत किंवा बुडालेल्या जहाजाच्या पोटात शिरायची परवानगी मिळत नाही. त्याचं प्रशिक्षण वेगळं, लांबलचक आणि कडक असतं. डोक्यावर मोकळं पाणी नसेल तिथे त्या प्रशिक्षणाशिवाय जाऊ नका.

पायरी दुसरी: पाणी कुठलं, सिलिंडर कुठला

१९६० च्या दशकात ब्रिटनमधले गुहा शोधणारे लोक पाण्याने भरलेले बोगदे पार करायला छोटे सिलिंडर कमरेला बांधून न्यायचे. वाट इतकी अरुंद की पाठीवर काही घेणं शक्यच नव्हतं. पुढे हीच पद्धत अमेरिकेत फ्लोरिडाच्या झऱ्यांमध्ये रुजली आणि १९९० च्या दशकाच्या मध्याला लेक सिटीच्या डाइव्ह राइट कंपनीने तयार हार्नेस बाजारात आणलं. त्याआधी लोक जुन्या जॅकेटांना कात्री लावून, सायकलची ट्यूब वापरून आपापलं साहित्य घरीच बनवायचे.

आज दुकानात जी हार्नेस दिसतात ती ढोबळमानाने दोन घराण्यांतली आहेत. फ्लोरिडाच्या झऱ्यांचं पाणी साधारण २० ते २२ अंश सेल्सियस, प्रवाह जोरदार, डाइव्ह लांब. तिथे लोक ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा पोशाख) घालतात आणि जड स्टीलचे सिलिंडर वापरतात. म्हणून तिथली हार्नेस दणकट, विंग मोठी, आणि मागे कुल्ल्यांवर एक रुंद पट्टी, जिला सिलिंडरची शेपटी अडकवता येते. मेक्सिकोत युकातान द्वीपकल्पातल्या सेनोटेंमध्ये (चुनखडीतल्या पाण्याने भरलेल्या विवरांमध्ये) पाणी २४-२५ अंशांचं, प्रवाह मंद, अंगावर वेटसूट (आत पाणी शिरू देणारा रबरी पोशाख) आणि बाजूला अ‍ॅल्युमिनियमचे सिलिंडर. तिथे हलकं, कमीत कमी पट्ट्यांचं हार्नेस तयार झालं. तिथल्या गुहांमध्ये डाइव्ह करणाऱ्या स्टीव्ह बोगार्ट्सचं ‘रेझर’ याच परंपरेतलं, आणि त्याच वळणाची हलकी हार्नेस आता बऱ्याच कंपन्या बनवतात.

आपल्याकडे काय? अंदमान, मालवण, गोव्याचं ग्रँड आयलंड, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी, सगळीकडे समुद्र कोमट. तीन मिलिमीटरचा वेटसूट पुरतो. डाइव्ह सेंटरवर मिळणारा सिलिंडर जवळजवळ सगळीकडे एकच: अ‍ॅल्युमिनियमचा, ज्याला सगळे ‘एटी’ (सुमारे ऐंशी घनफूट हवेचा) म्हणतात, ११ लिटरचा, २०० बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास भरलेला. थायलंड, मालदीव, इजिप्तमध्ये सुट्टीला गेलात तरी बहुधा हाच हाती पडेल. म्हणजे तुमचं घराणं मेक्सिकोचं. फ्लोरिडाच्या पद्धतीचं भारदस्त हार्नेस फोटोत कितीही रुबाबदार दिसलं तरी कोमट समुद्रात त्यातल्या निम्म्या गोष्टी अंगावर ओझं म्हणून राहतात. युरोपात किंवा अमेरिकेत राहणाऱ्या आणि थंड तळ्यांत स्टीलवर डाइव्ह करणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र हा हिशेब उलटा मांडावा.

या अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरचा स्वभाव नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी निवड त्याच्याभोवती फिरते. पूर्ण भरलेला असताना तो समुद्राच्या पाण्यात साधारण अर्ध्या-पाऊण किलोने बुडतो. आतली हवाच अडीच किलोच्या वर असते. ती वापरली गेली की तोच सिलिंडर दोन किलोच्या आसपास वर तरंगायला लागतो. त्यातही व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटरचं वजन वरच्या टोकाला असतं, त्यामुळे आधी उचलली जाते ती शेपटी. डाइव्हच्या सुरुवातीला अंगाला चिकटून असलेला सिलिंडर अर्धी हवा संपल्यावर मागून वर चढू लागतो आणि शेवटच्या पन्नास बारला नितंबाच्या वर तिरका उभा राहतो. स्टीलचा सिलिंडर असं करत नाही. तो रिकामा झाला तरी सहसा खालीच ओढतो.

सिलिंडर विकत घ्यायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. भाड्याचेच वापरा. फक्त सेंटरला आधी विचारून घ्या: व्हॉल्व्ह डिन पद्धतीचा (रेग्युलेटर आत आट्यांनी बसतो) आहे की योकचा (रेग्युलेटर बाहेरून कडीने आवळतात)? हल्ली बऱ्याच व्हॉल्व्हमध्ये मधली चकती अ‍ॅलन कीने काढली की डिन रेग्युलेटर बसतो. साइडमाउंटला डिनच हवा. योकची मोठी कडी बगलेत टोचते, दोरीत अडकते आणि आपटली तर सरकू शकते. डावा-उजवा असे जोडीचे व्हॉल्व्ह मिळाले तर उत्तम, कारण मग दोन्ही नॉब बाहेरच्या बाजूला येतात. भाड्याच्या सिलिंडरवर ही चैन सहसा मिळत नाही. सारख्या व्हॉल्व्हवरही काम भागतं, फक्त एका बाजूची मांडणी थोडी वेगळी करावी लागते. ती प्रशिक्षकाकडून करून घ्या.

पायरी तिसरी: हार्नेस आणि विंग

हार्नेस म्हणजे खांद्यावरून आणि कमरेभोवती जाणारा पन्नास मिलिमीटर रुंदीचा पट्टा, दोन पायांमधून येणारा क्रॉच स्ट्रॅप आणि ठरावीक जागी डी-रिंगा (डी आकाराच्या कड्या). अंगावर चढवून बघताना तीन गोष्टी तपासा. खांद्याच्या पट्ट्याखाली सपाट हात सहज सरकायला हवा. उभ्याने घट्ट बसलेलं हार्नेस पाण्यात आडवं झालं की छातीत रुततं. कमरेचा पट्टा पोटावर नको, कटीच्या हाडावर बसायला हवा, कारण सिलिंडरची शेपटी त्याच्याच आधाराने राहणार आहे. आणि कमरेवरच्या डी-रिंगा पुढे-मागे सरकवता येतात ना? हा शेवटचा मुद्दा अ‍ॅल्युमिनियमवाल्यांसाठी निर्णायक आहे. शेपटी उचलली जायला लागली की तिची हूक मागच्या रिंगेतून काढून पुढच्या रिंगेत अडकवायची असते, मग सिलिंडर पुन्हा अंगाला समांतर येतो. पुढची रिंग नसेल किंवा ती चुकीच्या जागी शिवलेली असेल तर हे करताच येत नाही.

विंगबद्दल लोक विनाकारण घाबरतात आणि मोठीच्या मोठी घेतात. हिशेब सोपा आहे. दोन अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरमधल्या हवेचं वजन साधारण पाच-साडेपाच किलो. खोलवर गेल्यावर तीन मिलिमीटरचा वेटसूट दबतो, त्याचे एक-दोन किलो धरा. म्हणजे सात-आठ किलोची उचल लागते. पृष्ठभागावर डोकं आरामात वर राहावं म्हणून थोडी शिल्लक ठेवली तरी बारा ते पंधरा किलोची विंग भरपूर झाली. क्षमतेपेक्षा तिच्या आकाराकडे बघा. हवा कमरेच्या आणि कुल्ल्यांच्या भागात जमायला हवी, कारण सिलिंडरचा भार तिथे असतो. हवा भरल्यावर विंग पाठीवर कुबड येऊन फुगत असेल तर ती घेऊ नका. तळाच्या, हवा सोडायच्या डंप व्हॉल्व्हची दोरी डोळे मिटून सापडते का, तेही दुकानातच बघा.

पाठीवरही चालेल आणि बाजूलाही, अशी दुहेरी जॅकेटं मिळतात. ती मी सुचवत नाही. दोन्हीकडे तडजोड होते, आणि नवख्याला पाण्यात अडचण आली की दोष आपल्या सवयीचा की जॅकेटचा हे कळत नाही.

शिशाचा प्रश्न इथेच सोडवा. रिकामे होत आलेले दोन अ‍ॅल्युमिनियम सिलिंडर तुम्हाला वर ओढणार, त्यामुळे पाठीवरच्या एका सिलिंडरपेक्षा एक-दोन तुकडे जास्त लागतील. ते कमरेच्या पट्ट्यावर लटकवले तर हूक लावायच्या जागेत अडथळा होतो. पाठीच्या कण्यावर शिशाचे खिसे लावता येतील असंच हार्नेस बघा. वजनाची चाचणी डाइव्हच्या शेवटी घ्या: दोन्ही सिलिंडर पन्नास बारवर, विंग रिकामी, खोली पाच मीटर. तिथे हात-पाय न हलवता स्थिर राहता आलं की वजन बरोबर.

पायरी चौथी: बंजी, हूक आणि कॅम बँड

सगळ्यात स्वस्त सामान हे, आणि साइडमाउंट जमणं-न जमणं यावरच ठरतं. एवढ्याचसाठी इथे जरा रेंगाळतो.

बंजी म्हणजे बगलेजवळून जाणारी रबरी दोरी, जी व्हॉल्व्हच्या मानेला वेढा घालून सिलिंडरचं वरचं टोक बगलेत धरून ठेवते. साधारण सहा ते आठ मिलिमीटर जाडीची दोरी चालते. काही हार्नेसमध्ये पाठीमागून दोन्ही बाजूंना जाणारी एकच सलग दोरी असते, काहींत दोन स्वतंत्र फासे. अ‍ॅल्युमिनियमवर सलग दोरी मला जास्त भरवशाची वाटते. फक्त ती मध्यभागी पक्की बांधलेली हवी, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसरी सुटत नाही. लांबी बाजारातून आणल्यावर ठरत नाही, तुमच्या अंगावर ठरते. दोरी सैल असेल तर सिलिंडरचं डोकं छातीखाली लोंबतं. फार ताठ असेल तर पाण्यात व्हॉल्व्हवर चढवताना दम निघतो आणि खांदा मागे खेचला जातो. थोडी लांबच ठेवून सुरुवात करा आणि प्रत्येक फेरीला बोटभर कमी करत जा.

सिलिंडरच्या खालच्या भागावर कॅम बँड बसतो आणि त्याला बोल्ट स्नॅप, म्हणजे हूक. भाड्याचे सिलिंडर दर वेळी बदलणार म्हणून स्टीलचे कायमचे क्लॅम्प नकोत, बकलचा पट्टाच घ्या. पट्टा बांधण्याआधी पाण्यात भिजवा. नायलॉन ओला झाला की थोडा ताणला जातो. कोरडा आवळलेला पट्टा डाइव्हमध्ये सैल पडून खाली घसरतो. जागा अशी ठरवा: सिलिंडर बाजूला धरून व्हॉल्व्ह बगलेच्या पातळीला आणा, कटीचं हाड जिथे येतं तिथे किंवा किंचित खाली हूक हवी. मग तलावात आडवं होऊन कुणाला तरी बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. सिलिंडर अंगाच्या रेषेत आहे की डोकं खाली-शेपटी वर आहे हे आतून कळत नाही, व्हिडिओत लगेच दिसतं.

हूक ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची घ्या. दुसरं स्टील समुद्राच्या पाण्यात लवकर गंजतं आणि खटका अडकायला लागतो. खटका मोठा हवा, अंगठ्याने न बघता दाबता येईल असा. आणि हूक बँडला थेट धातूच्या कडीने जोडू नका. मधे जाड नायलॉनच्या दोरीचा दोन-तीन पदरी वेढा असू द्या. खटका जाम झाला तर ती दोरी कापून सिलिंडर सोडवता येतो. धातूला धातू जोडलेला असेल तर पाण्याखाली कापणार काय?

पायरी पाचवी: रेग्युलेटर आणि होज

पैसे खर्च करायची जागा ही. दोन पूर्ण संच लागतात, म्हणजे दोन फर्स्ट स्टेज (सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर बसणारा भाग), दोन सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग), दोन गेज (दाबमापक). दोन्ही एकाच मॉडेलचे घ्या. सुटे भाग तेच, सर्व्हिसिंगचं किट तेच. कंपनी निवडताना आधी हे विचारा की तुमच्या शहराजवळ त्या कंपनीचा प्रशिक्षित तंत्रज्ञ आहे का. दोन रेग्युलेटर म्हणजे सर्व्हिसिंगचा खर्चही दुप्पट, आणि त्यासाठी दर वेळी पार्सल परदेशी पाठवायची वेळ आली तर उत्साह मावळतो.

फर्स्ट स्टेजला फिरती टरेट (होज लावायचा गोल फिरणारा भाग) आणि तिच्या टोकाला पाचवं पोर्ट (होज बसवायचं भोक) असेल तर होज सिलिंडरच्या अंगाअंगाने खाली नेता येतात, छातीवर कमानी तयार होत नाहीत. डायफ्रॅम (लवचिक पडदा) पद्धतीचा, बाहेरून सीलबंद फर्स्ट स्टेज गाळ असलेल्या पाण्यात बरा. मालवणच्या समुद्रात दृश्यता काही मीटरांवर आलेली असताना हे पटतं.

मांडणी सर्वसाधारणपणे अशी असते. उजव्या सिलिंडरला २१० सेंटिमीटरचा लांब होज, जो सिलिंडरवरच्या रबरी पट्ट्यांत दुमडून ठेवतात. जोडीदाराची हवा संपली तर हाच त्याला द्यायचा. गुहेच्या अरुंद वाटेत दोघं एकामागून एक बाहेर यावेत म्हणून ही लांबी आली. मोकळ्या समुद्रात दीड मीटरही पुरतो. डाव्या सिलिंडरला आखूड होज, ५५-६० सेंटिमीटरचा, आणि त्याचा सेकंड स्टेज गळ्यातल्या रबरी फाशात हनुवटीखाली. तो होज डावीकडून येतो आणि साधा सेकंड स्टेज उजवीकडच्या होजसाठी बनवलेला असतो. म्हणून मधे काटकोनी जोड घालतात, नाहीतर ज्याची होजची बाजू बदलता येते असा सेकंड स्टेज घेतात. दुसरा पर्याय मला जास्त आवडतो, एक सांधा आणि एक ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) कमी.

गेजचे होज आखूड, १५ ते २३ सेंटिमीटर. दोन्ही गेज एकाच एककात हवेत, दोन्ही बारमध्ये. एक बार आणि एक पीएसआयमध्ये घेऊन उतरलात तर तुलना करताना डोकं चालवावं लागतं, आणि ही तुलना सारखी करायची असते. साइडमाउंटमध्ये एक सिलिंडर संपवून दुसऱ्यावर जात नाहीत. दर ३० बारच्या आसपास रेग्युलेटर बदलायचा, म्हणजे दोन्ही बाजू समतोल राहतात आणि कुठल्याही क्षणी एक बाजू गेली तरी दुसरीत वर यायला पुरेशी हवा उरते.

पायरी सहावी: बाकीचं

कात्री किंवा लाइन कटर, दोन्ही हातांना पोचेल अशा जागी. सिग्नलचा फुगा आणि स्पूल (त्याच्या दोरीचं रीळ), कुल्ल्यांवरच्या छोट्या खिशात. मागे स्प्रिंगचा पट्टा असलेली ताठ फिन्स, कारण इथे फ्रॉग किक, म्हणजे बेडकासारखी लाथ मारायची असते. डाइव्ह कॉम्प्युटर आहे तोच चालेल. छातीवर काही लटकवू नका, तिथे आधीच होज आणि फासे आहेत.

पायरी सातवी: आधी तलाव, मग होडी

पहिल्या दोन-तीन फेऱ्या पोहण्याच्या तलावात करा. सिलिंडर काठावर ठेवून पाण्यात उतरा, तिथेच एकेक अडकवा: आधी मागची हूक, मग बंजी. हे डोळे मिटून जमेपर्यंत करत राहा. नंतर एकेक सिलिंडर काढून पुढे धरा, परत लावा.

मग होडी. कोकणात आणि गोव्यात होड्या छोट्या असतात आणि त्यांवरच्या लोकांचे हात पाठीवरच्या सिलिंडरला सरावलेले असतात. आदल्या दिवशीच जाऊन त्यांना सांगून ठेवा, "दादा, मी आधी नुसतंच उतरणार, मग सिलिंडर एक-एक करून खाली द्या." होडीच्या कडेला दोन फास असलेली दोरी बांधून घ्या. सिलिंडर तिला टांगलेले राहतात आणि तुम्हाला लाटांमध्ये सावकाश अडकवता येतात. ज्यांना पाठदुखीमुळे भरलेला सिलिंडर घेऊन होडीत उभं राहणं जमत नाही, त्यांच्यासाठी साइडमाउंटचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. परत येतानाही तसंच: आधी सिलिंडर वर द्यायचे, मग आपण शिडी चढायची. लाट फार असेल तर त्या दिवशी साइडमाउंटचा हट्ट सोडून सेंटरचं नेहमीचं जॅकेट घाला.

डाइव्ह झाली की सगळं गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, विंगच्या आतही पाणी घालून खळबळवून काढा. हूकांचे खटके पाण्यातच दहा-वीस वेळा उघडबंद करा, म्हणजे आतलं मीठ निघून जातं. बंजी उन्हात वाळवू नका, रबर कडक पडतं. बाहेरचं कापडी वेष्टन विरलेलं दिसलं की ती लगेच बदला, आणि हंगाम संपताना, पावसाळ्याच्या तोंडावर, दोन्ही रेग्युलेटर एकदमच सर्व्हिसिंगला द्या. ऑक्टोबरमध्ये होड्या पुन्हा सुरू होतात तेव्हा सगळ्यांचीच घाई असते.